पिकअपचा क्रॉस : खुणा, तपासणी आणि बदल

पिकअपच्या इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलच्या हौसिंगपर्यंत नेण्याचे काम प्रोपेलर शाफ्ट करतो. गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो, तर मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर सतत वरखाली होतो. त्यामुळे दोघांमधला कोन खड्ड्यागणिक आणि ओझ्यागणिक बदलतो. हा बदल सोसून शाफ्ट फिरता राहावा म्हणून त्याच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट बसवतात. गॅरेजात त्यालाच क्रॉस म्हणतात.

क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. त्याच्या चारही टोकांवर एकेक कप असतो. कपात सुईसारखे बारीक रोलर आणि तोंडाशी रबरी सील असते. समोरासमोरचे दोन कप एका योकमध्ये, म्हणजे दुशिंगी पकडीत, बसतात, उरलेले दोन दुसऱ्या योकमध्ये. युरोपात हा जोड इटलीच्या जेरोलामो कार्दानो (1501–1576) यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकात त्याचा अभ्यास केला आणि अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी 1903 मध्ये मोटारीसाठी त्याचे पेटंट मिळवले.

या जोडाला एक उपजत खोड आहे. कोनात फिरताना त्याच्या पुढच्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन 10 अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो. 20 अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले, तर एकाने आणलेला चढउतार दुसरा मोडून काढतो. शाफ्ट उघडताना खुणा करण्यावर जाणकार मेस्त्री भर देतो, तो यासाठीच.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत क्रॉसची कसोटी दुहेरी लागते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तासगावची द्राक्षे आणि बेदाणा, सांगलीच्या पेठेतली हळद, आटपाडीची डाळिंबे असा माल पिकअपमधून हलतो. पसरणी, खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटात भरलेली गाडी चढावर उभी राहून पुन्हा निघते, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क जवळपास चौपट होऊन शाफ्टवर येतो. शिवाय पाटण आणि महाबळेश्वरकडचा पाऊस-चिखल, तर माण, खटाव आणि जतकडची धूळ सीलच्या मुळावर उठते. सील फाटले की आधी ग्रीस जाते, मग गंज धरतो आणि शेवटी रोलर भुगा होतात. ऑगस्ट 2019 च्या कृष्णेच्या महापुरासारख्या पाण्यात गाडी बुडाली असेल, तर कपांतले जुने ग्रीस बाहेर काढून नवे भरल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये.

झिजलेला क्रॉस आधी आवाजाने कळवतो. गाडी हळू चालताना चाकाच्या गतीबरोबर वाढणारी चिवचिव म्हणजे ग्रीस संपले आहे. क्लच सोडताना, रिव्हर्स टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना खालून ‘खट्’ असा ठोका आला, तर कपात फट पडली आहे. वेग वाढताच चासीला थरथर जाणवू लागली, तर आजार पुढे गेला आहे. मात्र लांब चासीच्या गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. त्यात अशीच थरथर मधल्या सेंटर बेअरिंगच्या फाटलेल्या रबरामुळेही येते, म्हणून तेही पाहावे.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून चाकांखाली पुढून-मागून ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रल ठेवावा. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने योक पकडून उलटसुलट पिळावे, मग पहारीने वरखाली उचलून पाहावे. क्रॉस आणि योक यांच्यामध्ये हलके जरी अंतर दिसले, तरी तो बाद समजावा. दोन्ही एकत्रच फिरत असतील आणि ढिलाई पुढे हौसिंगमध्ये जाणवत असेल, तर दोष डिफरन्शिअलच्या दात्यांचा आहे. सीलभोवती तांबूस भुकटी दिसणे ही कोरड्या पडलेल्या कपाची पक्की खूण.

शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवूनही गाडी थांबत नाही. म्हणून काम संपेपर्यंत ठोकळे काढायचे नाहीत. फ्लँज आणि योकवर रंगाच्या रेघा मारून बोल्ट काढावेत, शाफ्ट खाली लोंबू देऊ नये. मग कपांवरची लॉक (सर्क्लिप) पकडीने काढावीत. वाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी (सॉकेट) आणि दुसऱ्या बाजूला मोठी गोटी धरून आवळले, की मोठ्या गोटीत कप सरकून येतो. योकची भोके घासून स्वच्छ करावीत. ती लांबट झाली असतील, तर नवा क्रॉसही टिकणार नाही, योकच बदलावा.

नवा कप बसवताना खरी नजर रोलरवर हवी. ते ग्रीसने कपाच्या भिंतीला चिकटवून ठेवावेत. एखादा रोलर आडवा पडला, तर कप पूर्ण आत जात नाही आणि लॉक खाचेत बसत नाही. तेव्हा जोर न लावता कप बाहेर काढून रोलर पुन्हा रचावेत. चारही लॉक बसल्यावर योकवर हातोडीचा हलका ठोका द्यावा म्हणजे ताण सुटतो. क्रॉस सगळीकडे बिनअडथळा, पण ढिला न होता वळला पाहिजे. शेवटी चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारावा, शाफ्ट जुन्या खुणांवर बसवून बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने आवळावेत.

क्रॉस तुटला तर इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो आणि उतारावर इंजिनाचा रोध मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. पुढचा क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर टेकला, तर गाडी उलटूही शकते. म्हणून ग्रीस भरायचे निपल असलेल्या क्रॉसला प्रत्येक सर्व्हिसिंगला, आणि पाण्या-चिखलातून गाडी गेल्यावर लगेच, ग्रीस भरावे. पहिला ‘खट्’ ऐकू आला की पुढचा घाट चढण्याआधी क्रॉस बदलून घ्यावा.