सिंहकटी आणि कुब्जा

पुण्याहून येताना बेळगावच्या अलीकडे काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्माचं हे माहेर. जन्म १७७८ चा आणि इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे पडला ती लढाई १८२४ ची. म्हणजे राणी तेव्हा शेहेचाळिशीत होती. कॅलेंडरवरची राणी मात्र कायम पंचविशीतली, कंबर मुठीत मावेल अशी. बाईनं तलवार चालवलेली आम्हांला चालते, तिचं पोट सुटलेलं चालत नाही.

ही नजर आली कुठून? मराठीतल्या सुरुवातीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या पाहा : हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मग आमच्याच बेळगाव भागातल्या जांबोटीच्या गुंजीकरांनी १८७१ मध्ये ‘मोचनगड’ लिहून मराठी कादंबरीला इतिहासाच्या वाटेवर आणलं. वाटा बदलल्या, पण अद्भुतरम्य कथेतल्या सुंदरीचं माप जुन्या काव्यातूनच येत राहिलं : सिंहकटी, गजगामिनी. कंबर सिंहाची आणि चाल हत्तीची! ही बाई उभी तरी कशी राहत असेल?

त्यापेक्षा आजीच्या कहाण्या शहाण्या. शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून काळी होती, जाडी होती की ठेंगणी, हे कहाणी सांगतच नाही. तिच्या वाट्याला उष्टं आणि जाडंभरडं येतं, एवढंच कळतं. शंकर प्रसन्न होतो तेव्हा देऊळ सोन्याचं होतं, अंगावर दागिने येतात. देह होता तसाच राहतो.

टीव्हीनं हा विषय घेतला तो अर्ध्या मनानं. ‘रंग माझा वेगळा’ची नायिका सावळी, पण ती साकारायला गोऱ्या रेश्मा शिंदेला मेकअपनं सावळं केलं. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ (२०२०) त्याहून धीट. राम जोशींच्या लावणीचे शब्द एका जाड मुलीला दिले आणि ती अक्षया नाईकनं उभी केली. नाव मात्र लतिका, म्हणजे नाजूक वेल; ही गंमत मला अजून आवडते. त्याआधी २०१६ च्या ‘वजनदार’ चित्रपटासाठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वजन वाढवलं होतं. पण या सगळ्या घरादारातल्या गोष्टी. जादू आणि प्रेम एकत्र आलं की अजूनही आधी शरीर दुरुस्त होतं, मग राजपुत्र येतो.

याचा मूळ नमुना भागवतातच आहे. कंसासाठी चंदन घेऊन निघालेली, पाठीला कुबड असलेली कुब्जा वाटेत कृष्णाला भेटते. तो तिच्या पावलांवर पाय ठेवतो, हनुवटीला दोन बोटं लावून तिला वर उचलतो आणि तिची पाठ सरळ होते. तिच्या घरी तो जातो ते त्यानंतर.

बेळगावात आयुष्य घालवलेल्या इंदिरा संतांनी याच कुब्जेवर कविता लिहिली. त्यांची कुब्जा राधेच्याही आधी, पहाटेच्या पाण्यात उभी राहून पावा ऐकते. तो आपल्याचसाठी वाजतोय हे तिला उमगतं. पाठ सरळ झाल्याचा उल्लेख त्या कवितेत कुठेही नाही.