विट्याकडे झुकलेलं झाड

दहिवडीकडच्या एका वाचकांनी विचारलंय, बंगल्यापुढचा ‘ख्रिसमस ट्री’ वाकडा वाढतोय. नर्सरीवाल्याने फसवलं का? मी उलट विचारलं, झुकलाय कुठे? उत्तर आलं, ‘विट्याकडे’. म्हणजे नेमका दक्षिणेला! नर्सरीवाला सुटला. निदान अर्धा.

अर्धाच, कारण हे रोप ‘नॉरफोक पाइन’ म्हणून विकलं जातं. खरा नॉरफोक पाइन ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या जेमतेम 35 चौरस किलोमीटरच्या बेटावरचा. कुंड्यांमधून तो जगभर पोचला, पण रानातलं झाड म्हणून धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. तो ताठ वाढतो. त्याच्या नावावर पुष्कळदा खपतो तो न्यू कॅलेडोनियाचा कुक पाइन. (पाइन दोघंही नव्हेत, दोन्ही अरौकारिया.)

1774 च्या सप्टेंबरात कॅप्टन कुकच्या जहाजावरून ही झाडं लांबून दिसली, तेव्हा बरोबरची शास्त्रज्ञ मंडळी अडून बसली: झाडं कसली, हे तर दगडी खांब! त्यांत योहान फोर्स्टर होते आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेऑर्ग. कुक बरोबर निघाला, प्रचलित नावही त्याचंच पडलं. मी मात्र फोर्स्टर बापलेकांच्या बाजूने. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहा: बेसाल्टचे साठेक मीटर उंच उभे खांब. कुक पाइनही तेवढाच वाढतो, आखूड फांद्यांचा, सडसडीत. आपल्यासारख्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाचीही लांबून हीच गफलत झाली असती.

आता झुकण्याचं. कॅलिफोर्नियाचे मॅट रिटर आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतली 256 झाडं मोजली. 2017 मध्ये निष्कर्ष छापले. उत्तर गोलार्धातली बहुतेक झाडं दक्षिणेला कललेली, दक्षिणेतली उत्तरेला. विषुववृत्तापासून जितकी लांब, तितका कल जास्त. सरासरी साडेआठ अंश, पिसाच्या मनोऱ्याच्या दुप्पट! वाऱ्याने हे होत नाही. तसं असतं तर माणच्या माळावर पश्चिमेचा वारा झाडाला पूर्वेला लोटता. सूर्याकडे ओढ म्हणावी, तर बाकीची झाडं कललेलं खोड सावरून घेतात, मग यालाच ते का जमू नये? कारण अजून पक्कं सापडलेलं नाही. समाजमाध्यमांवर ‘पृथ्वीच्या ऊर्जे’ची जी स्पष्टीकरणं फिरतात, ती फिरू द्यावीत.

वाचकांना एवढंच सांगेन: काठी बांधून ताठ करायच्या भानगडीत पडू नका. दक्षिणेला विजेची तार असेल, तर मात्र रोप लहान आहे तोवर हलवा.