अमरावती ते अकोला, खाटेला खाट लावून

अमरावतीहून निघा. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू आणि अकोला. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं हे शंभरेक किलोमीटरचं अंतर. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला आणि गिनीज बुकात नाव लागलं, तेव्हा अख्ख्या वऱ्हाडाची छाती फुगली होती. आता त्याच रस्त्यावर आपण दवाखान्याच्या खाटा मांडू. एक खाट दोन मीटरची. खाटेला खाट भिडवून, मध्ये बोटभर जागा न सोडता, अमरावतीपासून मांडत चला. अकोल्यात पोचेपर्यंत जवळपास ४९ हजार खाटा लागतील.

आता या खाटांवर माणसं झोपवू. कोणती माणसं? ज्यांची ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि कोरोनामुळे पुढे गेली ती. भारतातली. आणि फक्त एका आठवड्यातली!

मे २०२० मध्ये कोविडसर्ज नावाच्या गटाने ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त हा अंदाज मांडला. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने जगभरचे सर्जन त्यात एकत्र आले होते. साथ ऐन भरात असताना दवाखाने बारा आठवडे विस्कळीत राहिले, तर भारतात सुमारे ५ लाख ८५ हजार ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असं त्यांचं गणित सांगत होतं. बाराने भागा: आठवड्याला ४८ हजार ७०० च्या वर. म्हणजे दर सोमवारी अमरावतीहून खाटांची नवी रांग निघते, रविवारी रात्री अकोल्यात पोचते, आणि पुढच्या सोमवारी तिच्या शेजारी दुसरी सुरू होते. बारा आठवडे, बारा रांगा. चौपदरी रस्त्यावर त्या मावतील का, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावं.

या बारा रांगा एकापुढे एक जोडल्या तर १,१७० किलोमीटर होतात. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. मुंबईहून पुण्याला जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं, तिसऱ्यांदा जाऊन यायचं, तरी वर अठरा किलोमीटरच्या खाटा शिल्लक! २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या ६ लाख ४७ हजार होती. म्हणजे अख्ख्या अमरावतीत दहातल्या नऊ जणांच्या हातात ऑपरेशनची चिठ्ठी आणि प्रत्येकाला एकच उत्तर: नंतर या.

हा झाला आपला देश. जगाचा आकडा आहे २ कोटी ८४ लाख. तोही बारा आठवड्यांचाच.

आता आपली अमरावती-मुंबई अंबानगरी एक्सप्रेस घेऊ. वीस डबे धरा, स्लीपरच्या एका डब्यात ७२ बर्थ, म्हणजे एका गाडीत १,४४० रुग्ण. रोज एक गाडी भरून मुंबईकडे सोडायची, दिवाळी नाही की दसरा नाही. हे २ कोटी ८४ लाख लोक हलवायला ५४ वर्षं लागतील. पहिली गाडी २०२० मध्ये सुटली, तर शेवटची २०७४ मध्ये सुटेल. पहिल्या गाडीचा हिरवा झेंडा पाहायला आलेलं शाळकरी पोर शेवटच्या गाडीत म्हातारं होऊन बसलेलं असेल. खाटाच मांडायच्या तर त्या पृथ्वीला एक पूर्ण वेढा घालतात आणि दुसऱ्या वेढ्याचीही चाळीस टक्के वाट संपवतात. आणि सगळी ऑपरेशनं आपल्याच लोकांना वाटून टाकली तर? अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्हे मिळून २०११ मध्ये ४७ लाख माणसं. तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सहा!

सर्जन हात बांधून घरी बसले होते असं मात्र नाही. अपघात, अडलेली बाळंतपणं, फुटलेलं अपेंडिक्स, ही कामं चालूच होती. लांबलं ते आधी ठरवलेलं काम: हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघा, पिशवीचं ऑपरेशन, मोतीबिंदू. कोविडसर्जच्या अंदाजानुसार शंभर ठरलेल्या शस्त्रक्रियांपैकी ७२ लांबणार होत्या. कॅन्सरच्या शंभरातल्या ३८, आणि कॅन्सर सोडून बाकीच्या साध्या आजारांच्या शंभरातल्या ८२. डॉक्टरांच्या भाषेत हे आजार साधे. हर्नियाचा पट्टा बांधून फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्याला त्यातलं साधं काय ते विचारावं.

वऱ्हाडात तर तारखेचंही मोठं गणित असतं. रब्बी घरात आली, हातात चार पैसे आहेत, पेरणीआधी उरकून घेऊ, असं घराघरात ठरतं. आता टाळेबंदी लागली त्या २५ मार्च २०२० पासून बारा आठवडे मोजा. येतो १७ जून. मृग लागून दहा दिवस झालेले! जमीन वाट पाहत नाही. म्हणजे बारा आठवड्यांनी दवाखान्याचं दार उघडलं, तरी माणूस शेतात. मग कापूस वेचून झाल्यावर, मग दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर. आणि संक्रांत सरते न सरते तोच फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने राज्यात आधी अमरावती-अकोल्यालाच गाठलं. २२ फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद. अमरावतीचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय कोविडसाठी दिलेलं. कागदावर बारा आठवडे लांबलेलं ऑपरेशन असं बघता बघता वर्षावर गेलं. मेळघाटात धारणीचा माणूस अमरावतीला यायचा तर सुमारे दीडशे किलोमीटर, रस्त्याने मुंबई-पुण्याइतकंच अंतर, तेही सेमाडोहच्या घाटवळणांनी. एसटी बंद झाल्यावर ते अंतर किती झालं, याला माप नाही.

कॅन्सरचा हिशेब बघू. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या ४१ रुग्णालयांची नोंदबुकं तपासली आणि २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आकडे छापले. २०१९ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत तिथे नवे रुग्ण आले होते १,१२,२७०. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत आले ५१,७६०. आलेच नाहीत ते ६०,५१०! लालपरीत ४४ माणसं बसवली तर १,३७५ गाड्या. बंपरला बंपर लावून उभ्या केल्या तर पंधरा किलोमीटर. अमरावती-बडनेरा रस्ता भरून उरेल. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या, निम्म्याच उरल्या म्हणा. पॅथॉलॉजीच्या तपासण्या दीड लाखाने घटल्या. लक्षात घ्या, आजार घटला नव्हता. गाठ होती तिथेच होती, फक्त तिला बघायला कोणी नव्हतं.

आणि गाठ थांबत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या अभ्यासाने हजारो-लाखो रुग्णांच्या नोंदी एकत्र करून सांगितलं की कॅन्सरची शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण हे सावकारी व्याज आहे, व्याजावर व्याज चढतं. स्तनाच्या कॅन्सरचा हिशेब त्यांनी मांडला तो असा: आठ आठवड्यांना १७ टक्के, बारा आठवड्यांना २६. खुद्द सावकारानेही वर्षाचं म्हणून लावावं एवढं व्याज इथे तीन महिन्यांत! माझ्या मते कोरोनाकाळातला सर्वांत भयंकर आकडा हाच, आणि तो रोज संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये कधी आला नाही. तिथे बाधित किती, बरे किती, मृत किती, एवढंच मोजलं जायचं.

एक काम मात्र ढकलताच येत नाही, ते डायलिसिस. खारपाणपट्ट्यातल्या गावांना हे वेगळं सांगायला नको. किडनीच्या तक्रारी तिथे जुन्या आहेत. एका डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर द्रव यंत्रातून फिरतो, चार तास. झाले १२० लिटर. आठवड्यातून दोनदा, वर्षभर, एका माणसाला साडेबारा हजार लिटर. आपली वीस फूट व्यासाची विहीर घ्या, तीस फूट पाण्याची. त्यात साधारण २ लाख ६७ हजार लिटर. अवघे एकवीस रुग्ण वर्षभरात ती तळापर्यंत उपसतात! राजस्थानात सरकारी विम्यावर डायलिसिस घेणाऱ्या २,११० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांना वर्षाला जवळपास शंभर विहिरी लागतील. टाळेबंदीत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या उपचारात खंड पडला: कुणाला गाडी मिळेना, कुणाला दवाखाना आत घेईना. मार्च २०२० च्या तुलनेत मे महिन्यात त्यांच्यातले मृत्यू ६४ टक्क्यांनी जास्त होते. दोन महिन्यांत!

आता मोतीबिंदू. इथे आकडे खरे उधळतात.

साथीच्या आधी भारतात वर्षाला ६४ लाखांच्या घरात मोतीबिंदूची ऑपरेशनं होत. २०२०-२१ मध्ये झाली ३६ लाखांच्या आसपास. खड्डा पडला २८ लाखांचा. २०११ मध्ये अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या होती २८ लाख ८८ हजार! मोर्शी-वरूडपासून दर्यापूर-अंजनगावपर्यंत, चिखलदऱ्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत, जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक माणसाची एका डोळ्याची काच वर्षभर धुकटच राहिली असं समजा. पिकत जाणारा मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो, कधी डोळ्यातला दाब वाढवून नजर कायमची नेतो. सुईत दोरा ओवता येत नाही, पायरी दिसत नाही, म्हातारं माणूस पडतं, खुबा मोडतो. एक ऑपरेशन चुकलं की दुसरं मागे उभं.

ही २८ लाख ऑपरेशनं एकाच सर्जनने करायची म्हटली तर? एकाला पंधरा मिनिटं, रोज आठ तास, वर्षात तीनशे दिवस. लागतील २९१ वर्षं. २०२० मधून २९१ वजा करा: १७२९. पहिला बाजीराव पेशवेपदावर असताना त्याने पहिल्या रुग्णाच्या डोळ्यात थेंब टाकला असता, तर शेवटची पट्टी कोरोना येता येता सुटली असती. आणि पैसा? सेवाभावी संस्थेला सरकार एका ऑपरेशनमागे २,००० रुपये अनुदान देतं. त्या दराने २८ लाखांचे होतात ५६० कोटी. हादरलात ना? ते २०११ च्या ११ कोटी २४ लाखांच्या महाराष्ट्रात वाटा. माणशी पन्नासची एक नोट.

मग देश कामाला लागला, आणि कसा लागला! जून २०२२ मध्ये राष्ट्रीय नेत्र ज्योती अभियान सुरू झालं. २०२२-२३ चं लक्ष्य होतं ७५ लाख. झाली ८३ लाख ४४ हजार! दिवसाला बावीस हजार आठशेच्या वर. रोज सोळा अंबानगरी भरतील एवढी माणसं. चोवीस तास घड्याळ चालू ठेवलं तर दर पावणेचार सेकंदांना एक डोळा. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, चार जिल्ह्यांत मिळून जेवढी माणसं, जवळपास तेवढे डोळे, एका वर्षात.

तरी खड्डा भरला नाही. साथीआधीच्या ६४ लाखांपेक्षा ही जास्तीची फक्त १९ लाख, आणि बुजवायचे होते २८. पुढच्या वर्षाचं लक्ष्य होतं ९० लाख, त्याच्या पुढच्या वर्षी १ कोटी ५ लाख, तिन्ही वर्षं मिळून २ कोटी ७० लाख. आता यवतमाळही घ्या, वऱ्हाडाचे पाचही जिल्हे पूर्ण करा: २०११ मध्ये १ कोटी १२ लाख ५८ हजार माणसं. प्रत्येकाचे दोन्ही डोळे धरा, पाळण्यातल्या बाळाचेसुद्धा: २ कोटी २५ लाख. सगळ्यांचे सगळे डोळे करून झाले, तरी यादीवर अजून ४५ लाख डोळे उरतात.