आधी प्रोपेलर काढा

रिमोटवर उडणारे मॉडेल विमान शिकणाऱ्याला धास्ती असते ती विमान आपटण्याची. ते आपटतेच. विमान समोरून आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते आणि हात चुकतो. फोमचे पंख मात्र गोंदाने चिकटतात. बोटांचे तसे नाही.

घरी टेबलावर जुळणी चाललेली असते. विजेची मोटर बॅटरी जोडताच तयार असते. थ्रॉटलच्या दांडीला बाही लागली तरी प्रोपेलर मिनिटाला हजारो फेरे घेऊ लागतो. मध्ये बोट आले तर मोटर सहसा थांबत नाही. जास्त करंट ओढून आणखी जोर लावते. कातडीखालची कंडरा तुटली, की टाके घालूनही बोट नीट वाकेलच असे नाही. म्हणून टेबलावर काम करताना प्रोपेलर काढूनच ठेवावा, अगदी पाच मिनिटांचे काम असले तरी.

लागलेच, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, कॉफी जखमेत भरू नये. तुकडा पडला असेल तर ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात नको. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, ते विचारावे. अंगठी वाटेतच काढावी, सूज चढली की ती कापावी लागते.