कासवीला हवी वीतभर माती

महादेवाच्या देवळात नंदीजवळ दगडात कोरलेलं कासव तुम्ही पाहिलंच असेल. ते कधी जागचं हलत नाही. पण घरात पाळलेलं कासव एके दिवशी अचानक बेचैन झालं तर?

आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी तसंच झालं. त्यांच्याकडे काचेच्या टाकीत कासव आहे. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं, रेड-इअर्ड स्लायडर जातीचं. एका सकाळी ती रडवेली होऊन आली. म्हणाली, "चार दिवस झाले, ते काही खात नाही. सारखं काचेवर चढायला बघतं. दगडावर बसून मागच्या पायांनी नुसतं खरवडत राहतं. आजारी आहे का हो ते?"

आजारी नव्हतं. मुळात ते 'ते' नव्हतं, 'ती' होती! आणि तिला अंडी घालायची होती.

लगेच वर्गातून आवाज आला, "पण नर तर नाहीच!" अरे, आपल्या नवापूरच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या कोंबड्यावाचून अंडी देतात की नाही? तसंच हे. नर नसला तरी मोठी झालेली कासवी अंडी धरते. त्यांतून पिल्लं मात्र निघत नाहीत. मादी ओळखायची कशी? नराची पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात आणि शेपूट जाड. मादीची नखं आखूड, शेपूट बारीक, पण अंगानं ती नरापेक्षा मोठी.

आता गंमत ऐका. कासव राहतं पाण्यात, पण जवळजवळ सगळ्या कासवी अंडी घालतात ती जमिनीवरच. अंड्याच्या आतल्या पिल्लालाही हवा लागते. पाण्यात ते गुदमरून मरतं. म्हणून कासवी काठावर येते, माती हुंगते, जागा पारखते, मागच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालते, माती लोटून बुजवते आणि परत जाते. कासवी नुसत्या नजरेनं पिल्लांना पोसते, असा दाखला आपल्या संतांनी दिला आहे. दाखला गोडच आहे! खरी कासवी मात्र पिल्लांचं तोंडही पाहत नाही. तिची सगळी माया असते जागा निवडण्यात. मातीची ऊब कमी-जास्त झाली, की पिल्लू नर होणार की मादी हेसुद्धा बदलतं!

आपण तिला काचेच्या टाकीत ठेवतो, तेव्हा नेमकी ही जागाच काढून घेतो. मग ती अंडी पोटात अडवून धरते. कधी नाइलाजानं पाण्यात टाकते. अंडी पोटातच अडकली, तर तिचा जीवही जाऊ शकतो.

उपाय अवघड नाही. आईबाबांच्या मदतीनं असं करा :

१) कासवीच्या कवचाच्या चौपट लांब आणि प्रशस्त असा प्लॅस्टिकचा टब किंवा खोकं घ्या. तिला चढून बाहेर पडता येणार नाही, इतक्या उंच कडा हव्यात.

२) त्यात बारीक वाळू आणि खत-औषध न घातलेली माती निम्मी-निम्मी मिसळा. थर निदान वीतभर हवा. कासवी मोठी असेल तर आणखी जास्त.

३) माती ओलसर करा. मूठ आवळली तर लाडू वळावा, पण पाणी निथळू नये. कोरडी माती ढासळते, खड्डा टिकत नाही.

४) माती कोमट राहायला हवी. थंडीत वर थोड्या उंचीवर साधा बल्ब लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टब चुकूनही उन्हात ठेवू नका. तिथून पळायला तिला जागा नसते.

५) रोज काही तास तिला त्यात सोडा आणि लांब व्हा. कोणी टक लावून बघत असलं, की ती खणणं सोडून देते. एका दिवसात काम होईलच असं नाही. मग तिला पाण्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा.

अंड्यांच्या कवचासाठी कॅल्शियम लागतं. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस टाकीत ठेवा, ती तो कुरतडते. ती मलूल पडली, डोळे मिटून राहिली किंवा नुसती कुंथत असली, तर घरगुती उपाय नकोत. थेट पशुवैद्यांकडे न्या. एक्स-रेमध्ये पोटातली अंडी दिसतात. आणि कासवाला हात लावला, की साबणानं हात धुवायचे. त्याच्या अंगावर आपल्याला आजारी पाडणारे साल्मोनेला जंतू असू शकतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावानं तर समुद्री कासवांसाठी अख्खा किनारा सांभाळला आहे. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं तिथं काम सुरू केलं. कोल्ह्या-कुत्र्यांनी अंडी खाऊ नयेत, म्हणून ती कुंपणाच्या आत वाळूत पुरतात. सुमारे दोन महिन्यांनी पिल्लं समुद्राकडे धावतात. ज्या गावात पूर्वी अंडी चोरीला जात, तेच गाव आज राखणदार आहे.

पालकांनाही दोन शब्द. दुकानात काड्यापेटीएवढं दिसणारं हे अमेरिकेतलं कासव पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. कंटाळा आला म्हणून ते तापीत किंवा गावतळ्यात सोडू नका. इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा ते बळकावतं. आणि आपल्या नदी-तळ्यांतली कासवं किंवा चांदणी कासव घरी आणणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे. म्हणून नवं कासव विकत न आणणं सगळ्यांत उत्तम. आधीच घरी असेल, तर त्याला नीट सांभाळायचं.

त्या मुलीच्या कासवीचं काय झालं? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मातीचा टब शांत होता. वरची माती अशी सपाट थापलेली, की काही घडलंच नाही! हळूच उकरल्यावर आत पाच पांढरी, लांबट अंडी निघाली. त्या रात्री कासवी पोटभर जेवली, आणि ती मुलगीही.

तुमच्या ओळखीत कोणाच्या टाकीत अशी कासवी आहे का? मग त्यांना वीतभर मातीची गोष्ट सांगाल ना?