तलीथा कूम : ऐकलेलं लिहिलं कसं गेलं?

याईर हा सभास्थानाचा अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी गेली म्हणून घरात आकांत चाललाय. येशू आत जातात, तिचा हात धरतात आणि म्हणतात, ‘तलीथा कूम’. मुली, ऊठ.

ही गोष्ट सांगणारं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं लिहिलेला येशूंचा वृत्तान्त, ग्रीक भाषेत आहे. हे दोन शब्द मात्र ॲरेमाइक, म्हणजे गालीलच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेतले. मार्क ते तसेच ठेवतो आणि लगोलग त्यांचा अर्थ सांगतो. याचा अर्थ उघड आहे: त्याच्या वाचकांना येशूंची बोली कळत नव्हती. गोष्ट गालीलहून बरीच लांब आली होती.

येशूंनी स्वतःचं काही लिखाण मागे ठेवलं नाही. इ.स. ३० च्या सुमारास त्यांना क्रूसावर दिलं गेलं आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं त्यांच्या गोष्टी मुख्यतः तोंडोतोंडीच फिरल्या. प्रेषित पौलाची पत्रं या मधल्याच काळातली, ५० च्या दशकातली; पण त्यांत येशूंच्या आयुष्याचे तपशील मोजकेच. प्रभू लवकरच परत येणार, अशी अनेकांची खात्री होती. मग चरित्र लिहायची घाई कुणाला? पुढे प्रत्यक्ष पाहिलेली माणसं एकेक करून गेली. इ.स. ७० मध्ये रोमन फौजेनं जेरुसलेमचं मंदिर पाडलं. मार्कचं लेखन बहुतेक अभ्यासक याच सुमाराचं मानतात.

दहा-वीस वर्षांनी मत्तय आणि लूक आपापलं शुभवर्तमान लिहायला बसले, तेव्हा दोघांसमोर मार्क उघडा होता, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. याईरच्या मुलीची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून वाचली की त्यांची कात्री दिसते. मार्कला या प्रसंगासाठी तेवीस वचनं लागली. मत्तय नऊ वचनांत उरकतो. येशू मुलीचा हात धरतात, ती उठते. ‘तलीथा कूम’ गायब! लूक वाक्य ठेवतो, पण फक्त ग्रीकमध्ये. आपल्याआधी अनेकांनी हा वृत्तान्त लिहायला घेतला होता, हे तो सुरुवातीलाच मोकळेपणी सांगतो.

मार्कमध्ये नसलेली बरीच वचनं या दोघांत सारखी आहेत; प्रभूची प्रार्थना हे त्यातलं ठळक उदाहरण. त्यावरून एका हरवलेल्या संग्रहाचा तर्क केला जातो. ‘स्रोत’ या अर्थाच्या ‘क्वेले’ या जर्मन शब्दावरून त्याला ‘क्यू’ म्हणतात. त्याचं हस्तलिखित कुठंही मिळालेलं नाही. लूकनं थेट मत्तयावरूनच घेतलं, असं मानणारेही आहेत. पहिल्या शतकाच्या अखेरीस आलेलं चौथं शुभवर्तमान, योहानाचं, वेगळ्याच वाटेनं जातं. त्यात याईरची गोष्टच नाही.

या चारपैकी एकाही ग्रंथाच्या मजकुरात लेखक स्वतःचं नाव सांगत नाही. आज परिचित असलेली नावं दुसऱ्या शतकात रूढ झाली. इ.स. १८० च्या सुमारास लियोंचा बिशप इरेनियस ठामपणे सांगू लागला की शुभवर्तमानं चारच, कमी नाहीत की जास्त नाहीत.

मराठीत ही शुभवर्तमानं यायला बराच काळ गेला. १८०५ मध्ये मिशनरी विल्यम कॅरींच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी शुभवर्तमान बाहेर पडलं, ते मत्तयाचं. म्हणजे ‘तलीथा कूम’ला मराठी वाचकाकडे येण्यासाठी मार्कची वाट पाहावी लागली. आज मराठी बायबलात मार्कचा पाचवा अध्याय उघडा: ग्रीकचं मराठी झालंय, पण हे दोन शब्द देवनागरीत तसेच उभे आहेत. शेजारी अर्थही दिलाय, मार्कनं दिला होता तसाच.