छायाचित्रातील गोंगाट आणि एका बिंदूची साक्ष

7 सप्टेंबर 2019 च्या उत्तररात्री चांद्रयान-2 मोहिमेतील ‘विक्रम’ हे यान चंद्राच्या दक्षिण गोलार्धात उतरू पाहत असता त्याचा पृथ्वीशी असलेला संपर्क तुटला. तीनच दिवसांनी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने असे जाहीर केले, की चंद्राभोवती फिरणाऱ्या आपल्या यानाला विक्रमचा ठावठिकाणा लागला आहे. मात्र त्याच्याशी संवाद होऊ शकलेला नाही. पुढे 17 सप्टेंबर रोजी अमेरिकेच्या ‘लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ या यानाने त्या परिसराची छायाचित्रे घेतली आणि 26 सप्टेंबरला ती सर्वांसाठी खुली झाली. छायाचित्रे घेतली त्या वेळी सूर्य तेथील क्षितिजापासून अवघ्या सहा अंशांवर होता. सावल्या लांबवर पसरल्या होत्या. चित्रातील एकेक बिंदू जमिनीवरील सुमारे 1.3 मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवीत होता.

चेन्नई येथील षण्मुग सुब्रमणियन या अभियंत्यांनी ही छायाचित्रे मिळविली. एका लॅपटॉपवर त्या जागेचे जुने चित्र आणि दुसऱ्यावर नवे चित्र ठेवून ते दोहोंची तुलना करू लागले. अखेर त्यांची नजर एका ठिपक्यावर थांबली. जुन्या चित्रात त्या जागी काहीच नव्हते. नव्या चित्रात एकच उजळ बिंदू होता. त्यांनी हे नासाला कळविले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांत घेतलेल्या छायाचित्रांशी पडताळा पाहिल्यानंतर तेथील शास्त्रज्ञांची खात्री पटली आणि 2 डिसेंबर 2019 रोजी नासाने हा शोध सुब्रमणियन यांच्या नावानिशी जाहीर केला. तो ठिपका विक्रमचाच एक अवशेष होता. मुख्य आघातस्थळापासून सुमारे 750 मीटर अंतरावर, वायव्य दिशेस तो पडला होता.

आता एक प्रश्न उपस्थित होतो. छायाचित्रांतील ‘अनावश्यक’ ठिपके पुसून ती स्वच्छ व रेखीव करणारी संगणकीय साधने आज घरोघरी पोचली आहेत. त्यांपैकी एखादे साधन या चित्रावर आधीच चालविले गेले असते, तर त्या एकुलत्या एका बिंदूचे काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी छायाचित्रात नको असलेले ठिपके मुळात येतात कोठून, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

गोंगाट म्हणजे काय?

गर्दीच्या ठिकाणी समोरच्या माणसाचे बोलणे जसे गोंगाटात बुडून जाते, तसेच अपुऱ्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रात मूळ दृश्य बारीक बारीक दाण्यांत बुडून जाते. तंत्रज्ञ या दाण्यांना ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट, असेच म्हणतात.

डिजिटल कॅमेऱ्याच्या पोटात सिलिकॉनची एक चकती असते आणि तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घर आपल्यावर पडलेल्या प्रकाशकणांची मोजणी करते आणि त्या मोजणीतूनच चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, तयार होतो. मात्र प्रकाशकण काही ठरावीक अंतराने येत नाहीत. ऑक्टोबरनंतर चेन्नईवर ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला, की तेथील एखाद्या गच्चीवर सारख्या आकाराच्या शंभर वाट्या मांडून ठेवल्या आहेत, अशी कल्पना करावी. मुसळधार पावसात सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्याच भरतील. पण नुसता शिडकावा झाला, तर एका वाटीत तीन थेंब पडतील, शेजारच्या वाटीत सात आणि एखादी वाटी कोरडीच राहील. पाऊस सर्वत्र सारखा असूनही वाट्यांची साक्ष वेगवेगळी असते.

प्रकाशाचेही असेच आहे. एका घरात सरासरी 10,000 प्रकाशकण पडत असतील, तर त्यांतील स्वाभाविक चढउतार सुमारे 100 कणांचा, म्हणजे शेकडा एक असतो. सरासरी 100 कण असतील, तर चढउतार 10 कणांचा, म्हणजे शेकडा दहा होतो. सरासरी चारच कण असतील, तर तो शेकडा पन्नासवर जातो. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे. तो प्रकाशाचा स्वभावच होय. कितीही महाग कॅमेरा घेतला तरी तो टळत नाही.

यात आणखी दोन कारणांची भर पडते. घरांतील विद्युतभार मोजणारे मंडल स्वतःची थोडी चूक मिसळते. शिवाय उष्णतेने सिलिकॉनमध्ये आपोआप विद्युतकण सुटतात आणि प्रकाश नसतानाही घर ते मोजत राहते. तापमान साधारणपणे सहा ते आठ अंशांनी वाढले, की त्यांची संख्या दुप्पट होते. म्हणून चेन्नईच्या मे महिन्यातील रात्री दीर्घकाळ उघडझाप रोखून घेतलेल्या चित्रात डोंगराळ प्रदेशातील थंड रात्रीपेक्षा अधिक ठिपके दिसतात. कॅमेऱ्यावरील ‘आयएसओ’चा आकडा वाढविल्याने प्रकाश वाढत नाही, मोजणी तेवढी मोठी करून दाखविली जाते आणि तिच्याबरोबर गोंगाटही मोठा होतो.

जुने उपाय

गोंगाटावर सर्वांत प्रामाणिक उपाय म्हणजे अधिक प्रकाश गोळा करणे. एकाच दृश्याची 16 चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली, तर गोंगाट एक-चतुर्थांश उरतो. परंतु पाणथळीवरचा पक्षी किंवा सभागृहातील गायक सोळा चित्रे होईपर्यंत स्तब्ध बसत नाही. तेव्हा एकाच चित्रावर काम भागवावे लागते.

त्यासाठी शेजारधर्माचा आधार घेतला जातो. आकाश किंवा भिंत यांसारख्या भागात शेजारचे बिंदू बहुधा सारखेच असतात. म्हणून प्रत्येक बिंदूला त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी देता येते. पण मग कडा पुसट होतात. यापेक्षा सरस ठरलेली युक्ती मध्यकाची. एक बिंदू आणि त्याचे आठ शेजारी घ्यावेत, नऊ आकडे चढत्या क्रमाने मांडावेत आणि मधला आकडा त्या बिंदूला द्यावा. समजा, आठ शेजाऱ्यांची तेजस्विता 38 पासून 42 पर्यंत आहे आणि मधल्या बिंदूची 200 आहे. मांडणीनंतर पाचवा आकडा येईल तो चाळीसच्या आसपासचा. 200 हा आकडा निमूटपणे नाहीसा होईल.

वाचकाच्या लक्षात आलेच असेल, की सुब्रमणियन यांना दिसलेला ठिपका नेमका असाच होता. काळोख्या परिसरात एकटाच उजळ बिंदू! या साध्या गाळणीने विक्रमचा तो अवशेष पडद्यावरून पुसून टाकला असता आणि चित्र पूर्वीपेक्षा ‘चांगले’ दिसले असते.

अनुभवातून शिकणारे यंत्र

2005 साली ब्वादेस, कोल आणि मोरेल या संशोधकांनी केवळ शेजारचे बिंदू न पाहता संपूर्ण चित्रात सारखे दिसणारे तुकडे शोधून त्यांची सरासरी काढण्याची रीत मांडली. पुढचे पाऊल कृत्रिम बुद्धिमत्तेने टाकले. या पद्धतीत गाळणीचे नियम माणूस लिहून देत नाही. संगणकातील बहुस्तरीय जाळ्यापुढे स्वच्छ चित्रे आणि त्याच चित्रांच्या गोंगाटयुक्त प्रती अशा असंख्य जोड्या ठेवल्या जातात. जाळे सदोष प्रतीवरून मूळ चित्राचा अंदाज करते. अंदाज चुकला, की त्याच्या अंतर्गत आकड्यांत किंचित दुरुस्ती होते. ही आवर्तने इतक्या वेळा होतात, की पापणीचा केस, वीट, पान, कापडाची वीण यांचे स्वरूप सामान्यतः कसे असते, याचा एक प्रकारचा संस्कार त्या जाळ्यावर होतो. 2018 साली तर असेही दाखवून देण्यात आले, की स्वच्छ चित्र एकदाही न दाखविता एकाच दृश्याच्या दोन सदोष प्रतींवरूनही जाळे शिकू शकते. गोंगाटाचा अंदाज बांधता येत नाही, दृश्याचा बांधता येतो, हे त्यामागील तत्त्व होय.

ही विद्या प्रयोगशाळेतून बाजारात लवकरच आली. डीएक्सओ या कंपनीचे ‘डीप-प्राइम’ 2020 साली आणि अडोबी कंपनीच्या ‘लाइटरूम’मधील ‘डिनॉइज’ 2023 साली उपलब्ध झाले. दोन्ही साधने कॅमेऱ्यातील कच्च्या नोंदीवर काम करतात. मार्गशीर्षातील, तमिळांच्या मार्गळी महिन्यातील, संगीतसभेत मंद दिव्यांखाली घेतलेले चित्र त्यांतून काढले, की पाठीमागचा पडदा नितळ होतो, वीणेच्या तारा सुट्या दिसू लागतात आणि पूर्वी टाकून द्यावे लागले असते असे चित्र छापण्याजोगे होते. हा लाभ लहान नव्हे.

रेखीवपणा आणि भर

चित्र रेखीव करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. जुनी रीत कडेच्या उजळ बाजूस अधिक उजळ आणि गडद बाजूस अधिक गडद करते. तीत नवीन माहिती येत नाही. असलेली ठळक होते. हात हलल्याने किंवा केंद्रण चुकल्याने जे तपशील नोंदले गेलेच नाहीत, ते या रीतीने परत येत नाहीत. शिकलेले जाळे तेथे थांबत नाही. अशा ठिकाणी सामान्यतः काय असते, हे त्याला ठाऊक असल्याने ते रिकामी जागा भरून काढते. गोंगाट काढण्याचा जोर वाढविला, तरीही कमीअधिक प्रमाणात हेच घडते. जेथे नोंद संपते, तेथे अनुमान सुरू होते आणि दोहोंमधील सीमारेषा चित्रात कोठेही आखलेली नसते.

तसे पाहता रंगीत डिजिटल चित्रात अनुमान पहिल्यापासूनच आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या 1976 सालच्या एकस्वानुसार प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच काच असते. उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून काढले जातात. पण ते अनुमान त्याच चित्रातील नोंदींवरून केलेले असते. शिकलेल्या यंत्राचे अनुमान इतर असंख्य चित्रांच्या आठवणीवरून केलेले असते. फरक आहे तो येथेच.

याची साक्ष पुन्हा चंद्रानेच दिली. 2023 साली एका फोनची परीक्षा घेताना चंद्राचे चित्र मुद्दाम अस्पष्ट करून ते पडद्यावर दाखविण्यात आले आणि त्याचे छायाचित्र घेण्यात आले. पडद्यावर जे तपशील अस्तित्वातच नव्हते, ते छायाचित्रात उमटले. चंद्र ओळखून तपशील स्पष्ट करण्यासाठी आपल्या फोनमध्ये शिकविलेली यंत्रणा आहे, असा खुलासा उत्पादक कंपनीने केला. चंद्राचा मुखवटा सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे यात कोणाचे फारसे बिघडले नाही. पण माणसाचा चेहरा, वाहनाचा क्रमांक किंवा क्ष-किरण चित्रातील बारीक रेघ यांबाबत असे म्हणता येणार नाही. 2024 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या एका न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेने सुधारलेले चलत्-चित्र हत्येच्या खटल्यात पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला, त्यामागे हीच शंका होती.

पुराव्याची कसोटी

याचा अर्थ ही साधने त्याज्य आहेत, असा नव्हे. चंद्राच्या ध्रुवांजवळ काही विवरे अशी आहेत, की त्यांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच थेट पोचत नाही. आजूबाजूच्या कड्यांवरून परावर्तित झालेला अत्यंत क्षीण उजेड तेवढा तेथे असतो. 2021 साली व्हॅलेंटिन बिकेल, बेन मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकलेल्या जाळ्याच्या साहाय्याने या अंधाऱ्या प्रदेशांच्या चित्रांतील गोंगाट काढला आणि तेथील काही मीटर आकाराची लहान विवरेही दृष्टीस आणली. ही चित्रेदेखील ज्या यानाच्या चित्रात विक्रमचा अवशेष सापडला, त्याच यानाची होती. परंतु या संशोधकांनी त्या विशिष्ट कॅमेऱ्याचा गोंगाट कसा असतो, हे त्याच्याच काळोखातील नोंदींवरून जाळ्याला शिकविले आणि जे प्रदेश कधी सावलीत तर कधी उन्हात असतात, तेथील चित्रांशी निकाल ताडून पाहिले. पडताळ्याची सोय असल्यामुळे त्यांचे अनुमान शास्त्राच्या पदवीस पोचले.

सामान्य छायाचित्रकारालाही हाच मार्ग मोकळा आहे. चेन्नईच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणै पाणथळीवर हिवाळ्यात चिखलपायी पक्षी येतात. त्यांच्या काही जाती एकमेकींपासून पिसांवरील सूक्ष्म नक्षीनेच ओळखाव्या लागतात. पहाटेच्या अंधुक उजेडात घेतलेल्या चित्राला यंत्राने रेखीव नक्षी दिली, तर ती त्या पक्ष्याची असेल किंवा यंत्राने पूर्वी पाहिलेल्या दुसऱ्या जातीचीही असेल. म्हणून मूळ कच्ची नोंद कधीही पुसू नये. साधनाचा जोर आवश्यक तेवढाच ठेवावा. सुधारलेले व मूळ चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे. आणि मुळात ज्याचा मागमूस नाही, असा तपशील सुधारलेल्या चित्रात दिसल्यास त्यावर निष्कर्ष उभारू नये. भिंतीवर टांगण्याच्या चित्राला एक न्याय आणि ओळख पटविण्याच्या चित्राला दुसरा न्याय, हे भान सुटता कामा नये.

सुब्रमणियन यांनी दोन पडद्यांवर दोन चित्रे ठेवून केले ते हेच होते. तो एकटा ठिपका अवशेष आहे की गोंगाट, हे एका चित्रावरून कोणालाच सांगता आले नसते. आधीचे चित्र, नंतरचे चित्र आणि नोव्हेंबरमध्ये अधिक अनुकूल उजेडात घेतलेले, बिंदूगणिक 0.7 मीटर दाखविणारे चित्र, या तिघांची साक्ष जुळली, तेव्हाच निर्णय झाला. गोंगाट दर चित्रात आपली जागा बदलतो. वस्तू आपल्या जागी राहते. परंतु ही परीक्षा घेता आली, ती तो ठिपका कोणी तत्पूर्वी पुसून टाकला नव्हता म्हणूनच.